व्हेनिसला लागलेली कीड

ठिगळे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ग्रंथालयाच्या तळघरात बसून ते फाटकी पुस्तकं आणि कुरतडलेले नकाशे दुरुस्त करत, म्हणून तिथल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव होतं. दुसरा एखादा चिडला असता. ठिगळ्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. घरी फोन केला तरी "ठिगळे बोलतोय" अशीच सुरुवात करत, आणि पलीकडून बायको म्हणे, "माहितीये, पुढे बोला."

"मी बुजवलेलं भोक शोधून दाखवा," हे त्यांचं लाडकं वाक्य. घरी आलेले पाहुणे बिचारे घटकाभर टेकायला आलेले असत, भोकं शोधायला नव्हे. तरी ठिगळे एखादा जुना कागद त्यांच्या हातात ठेवत, वर भिंग देत, आणि पाहुण्यांनी हात टेकल्याशिवाय आतून चहा येत नसे. एकदा तर त्यांनी चुकून मुळात भोकच नसलेला कागद दिला आणि त्याचंही कौतुक पदरात पाडून घेतलं.

अशा माणसाच्या घरी सासरे राहायला आले, ते नजर अधू झाली म्हणून. सासऱ्यांनी सगळी नोकरी एका नाटकगृहात दिवे सांभाळण्यात घालवली होती. आता त्यांना दिवसाउजेडी सगळं धुकं दिसे. लेक समोर उभी राहिली तरी ती आवाजावरून ओळखावी लागे. अंधारात एखादा दिवा चमकला, तर तेवढा ठिपका मात्र त्यांना स्पष्ट दिसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता करण्यासारखं काही उरलं नाही, जे दिसतंय ते दिसतंय तोवर बघून घ्या. दवाखान्यातून परतताना सासरे लेकीला म्हणाले, "ती आपली चित्रांची पेटी आहे ना, ती एकदा काढ बाई. तेवढी बघतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

पेटी म्हणजे एक लाकडी खोकं. पुढे मोठं भिंग, मागे चित्र सरकवायला खाच. चित्र आत सरकवून भिंगाला डोळा लावला की सपाट कागदातून लांबच लांब रस्ता निघायचा, पूल पुढे यायचा, घरं मागे सरायची. चित्रं सगळी युरोपातल्या शहरांची. व्हेनिस, पॅरिस, लिस्बन, लंडन. केव्हातरी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी छापलेली आणि छापल्यावर एकेक हातानं रंगवलेली. नाटकगृहातली अडगळ काढली तेव्हा मालकानं ती पेटी सासऱ्यांना देऊन टाकली होती, आणि दर रविवारी सासरे आपल्या दोन्ही मुलांना तिच्यातून युरोप फिरवून आणत. ठिगळ्यांनी मात्र हा खेळ कधी पाहिला नव्हता. त्यांचं लग्न होईतो ती दोन्ही मुलं मोठी झाली होती आणि युरोप माळ्यावर गेला होता.

"येत्या रविवारी पडदे ओढून बाबांना ती चित्रं दाखवू या," बायको म्हणाली. "डोळे कधी जातील सांगता येत नाही."

ठिगळे "हूं" म्हणाले. पण संध्याकाळी बायको शेजारी गेली तसं त्यांनी पेटीजवळ कापडात बांधून ठेवलेलं चित्रांचं बासन सोडलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. व्हेनिसची चाळण झाली होती. पॅरिसच्या पुलाला टोचे पडले होते. लिस्बनच्या आकाशात एक गरगरीत भोक होतं, आणि पाठीमागून कोणा अडाण्यानं त्यावर पिवळ्या कागदाचा तुकडा खळीनं चिकटवला होता. तसले लाल-पिवळे पातळ कपटे जिथेतिथे चिकटवलेले. कागदाची अशी विटंबना पाहून ठिगळ्यांना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे बेत केला. बासन गुपचूप कामावर न्यायचं, रविवारच्या आत चित्रं नव्यासारखी करायची आणि सासऱ्यांना चकित करायचं.

आता कोणाला तरी एक शब्द विचारायला काय हरकत होती? पण ठिगळे या विषयावर वाचलेले होते, आणि वाचलेल्या माणसाला विचारायचं म्हणजे जिवावर येतं. चित्रांच्या वरच्या कडेला शहराचं नाव उलट्या अक्षरांत का छापलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं: काही पेट्यांत आरसा असे, आणि आरशात ते सुलट दिसे. एवढं ज्याला ठाऊक, त्याला बाकीचंही ठाऊक असणारच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

तळघरात दार लावून त्यांनी कामाला हात घातला. कीड विलक्षण होती. भिंती तिनं सोडल्या होत्या, आकाश बहुतेक सोडलं होतं, माणसांना तर स्पर्शही केला नव्हता. खाल्ल्या होत्या फक्त खिडक्या आणि कंदील, तेही एका रांगेत, सारख्या अंतरानं. इतकी टापटीप कीड ठिगळ्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. शंका घेण्याऐवजी त्यांनी कारण शोधून काढलं. खिडक्यांचा रंग पिवळा, पिवळ्या रंगात डिंक जास्त, आणि डिंक म्हणजे किडीचं पक्वान्न. स्वतःच्या बुद्धीवर खूश होऊन त्यांनी मागचे रंगीत कपटे ओले करून सोलले आणि टोपलीत टाकले. मग कागदाचा लगदा करून एकेक भोक भरलं, वरून रंगाला रंग मिळवला. लिस्बनच्या आकाशातलं भोक तर असं बुजवलं की तिथे आयुष्यात कधी काही घडलंच नसावं. शेवटी मजबुतीसाठी प्रत्येक चित्राच्या पाठीला जाड कागदाचं अस्तर लावलं. काम संपल्यावर ते कितीतरी वेळ बघत उभे राहिले. असं काम पुन्हा आपल्या हातून होणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि तेवढं मात्र खरं होतं.

इकडे घरी बायकोनं पेटी पुसायला काढली, तर बासन गायब. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, बाबांची चित्रं कुठे आहेत?"

"मला काय माहीत?" ठिगळे म्हणाले. चकित करायचं म्हणजे एवढं खोटं चालतं, असा त्यांचा समज.

मग बायकोचा संशय गेला भावावर. भावाला, म्हणजे ठिगळ्यांच्या मेहुण्याला, असल्या जुन्या चित्रांना हल्ली फार भाव आहे असं मागे एकदा म्हणताना तिनं ऐकलं होतं. तिनं त्याला फोन करून नको ते सुनावलं. मेहुणा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचा. समोरचा माणूस थापा मारतोय, हे धरूनच त्याचा दिवस सुरू होई. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मी नेली नाहीत. पण जुन्या कागदांत ऊठबस असलेला माणूस आपल्या घरात कोण आहे, याचा जरा विचार कर. रविवारी मीही येतो."

रविवारी दुपारी ठिगळे बासन काखेत मारून, नवरदेवासारखे हसत घरात शिरले. बायको आणि मेहुणा सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते आणि दोघंही हसत नव्हते.

"तुम्हीच नेली होतीत?" बायकोनं विचारलं.

"जरा धीर धर. मामा, या, बसा इथे," ठिगळे म्हणाले. सासऱ्यांना ते मामा म्हणत. त्यांनी पडदे ओढले, फटींत चादरी कोंबल्या, खुर्ची पेटीसमोर ठेवली आणि सासऱ्यांना हात धरून बसवलं. मग एक छोटंसं भाषण केलं. त्यात किडीची हकिकत होती, डिंकाचा सिद्धांत होता, आणि कामाचं वर्णन करताना त्यांनी 'जीव ओतला' हे शब्द दोनदा वापरले. 'भोकं बुजवली' हे शब्द मात्र एकदाही वापरले नाहीत, कारण उत्तम कारागीर त्याचा उल्लेख करत नसतो. व्हेनिस खाचेत सरकवलं आणि पेटीचं वरचं झाकण उघडून हातातल्या दिव्यानं वरून उजेड पाडला.

"मला नुसता ढग दिसतोय," सासरे डोळा लावून म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "ते राहू दे. रात्र कर."

"रात्र?" ठिगळे म्हणाले.

बायकोला सवय होती. तिनं उठून पेटीचं झाकण लावलं, चित्राच्या मागे दिवा ठेवला आणि बटण दाबलं. सासरे भिंगाला डोळा लावून बसले होते, आणि त्यांचे खांदे पुढे झुकलेले होते.

"लाव ना दिवा," ते म्हणाले.

"लावलाय, बाबा."

"लावलाय?"

"हो."

सासऱ्यांनी सावकाश डोळा काढला, हातांनी चेहरा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मग संपलं. आज सकाळपर्यंत होतं थोडं. असू दे."

बायकोला हुंदका आला. तो दाबत तिनं स्वतः भिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, "बाबा, मलाही काही दिसत नाहीये."

तिला धीर द्यायचा होता. पण सासरे खुर्चीतून उठलेच. "तुलाही? अगं, कधीपासून? हे घराण्यात असतं असं डॉक्टर म्हणाले होते. तू मला बोलली का नाहीस?" ते चाचपडत लेकीचा चेहरा शोधू लागले आणि ती "तसं नाही हो बाबा" म्हणत रडू लागली. ठिगळे मधे उभे राहून आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. काहीतरी फार मोठं चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं, आणि त्यात आपला हात आहे हेही, पण कुठला हात ते कळत नव्हतं.

मेहुण्यानं पेटीतून व्हेनिस उपसलं आणि दिव्यासमोर धरलं. कुठेही एक किरण बाहेर आला नाही.

"भाऊजी," तो म्हणाला, "खरी चित्रं कुठे विकलीत?"

"हीच खरी आहेत."

"खऱ्या चित्रांना भोकं होती. दिव्यांची. खिडक्यांना बारीक भोकं, मागून रंगीत कागद. मागे दिवा लावला की शहरात रात्र व्हायची आणि खिडक्या पेटायच्या. लिस्बनला चंद्र होता. सगळी मजा तीच होती. ही नक्कल आहे."

ठिगळे मटकन सोफ्यावर बसले. कीड, डिंक, पिवळे कपटे, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. चंद्र त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवला होता, आणि फार सुरेख बुजवला होता.

"मी बुजवली," ते म्हणाले. "भोकं मी बुजवली."

"दाखवा."

आणि इथे ठिगळ्यांची खरी पंचाईत झाली. त्यांनी भिंग घेतलं, चष्मा चढवला, चित्र खिडकीशी नेलं, पडदा बाजूला केला. इथे असेल म्हणाले, तिथे असेल म्हणाले, नखानं कुरतडून पाहिलं. एकही भोक सापडलं नाही. आयुष्यभर जगाला केलेलं आव्हान आता त्यांच्या स्वतःच्या गळ्यात आलं होतं, आणि मेहुणा हाताची घडी घालून बघत होता. "दावा फेटाळण्यात येत आहे," अशा वेळी तो ज्या चेहऱ्यानं म्हणत असेल, तसाच त्याचा चेहरा होता.

शेवटी बायकोच भावाला म्हणाली, "व्हेनिसच्या मागे तू मांजर काढलं होतंस, खडूनं. आठवतंय? बाबांनी तुला बदडलं होतं."

पाठीला तर जाड अस्तर. किटली आली, वाफ आली, अस्तराचा कोपरा सुटला, आणि त्याखालून तीन पायांचं एक निळं मांजर हळूहळू बाहेर आलं. मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. "चौथा पाय काढायच्या आधीच मार बसला होता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला.

सासरे खुर्ची धरून उभे होते. "म्हणजे," त्यांनी विचारलं, "मी आंधळा झालेलो नाही?"

"नाही, मामा."

"आणि हीसुद्धा नाही?"

"नाही. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी काही ठेवलंच नव्हतं."

सासरे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बरं झालं. जावईबापू, आता पुन्हा पाडा भोकं. पण लवकर पाडा हो. माझा काही भरवसा नाही."

बायको म्हणाली, सुई घ्या आणि आत्ता पाडा. तिनं सुई आणूनही दिली. पण ठिगळ्यांचा हात चालेना. इतका जुना कागद, आणि त्याला आपण सुई टोचायची? जन्मभर भोकं मिटवणाऱ्या माणसाला हे म्हणजे स्वतःच्या मुलाला चिमटा काढायला सांगण्यासारखं होतं. ते म्हणाले, हे रीतसर करू. आधी अस्तर पूर्ण उतरवायचं, मग चित्र दाबाखाली वाळवायचं, मग जुन्या जागा ठरवायच्या, आणि मगच टोचायचं. रीतसर या शब्दानं जगात जेवढा उशीर केला आहे, तेवढा आळसानंही केला नसेल.

जागा ठरवण्याचं काम बहीण-भावांकडे आलं, कारण रात्रीचं व्हेनिस पाहिलेली डोळस माणसं तीच. तिच्या मते पुलाच्या कमानीत दिवे होते. त्याच्या मते ते कठड्यावर होते, आणि कमानीत फक्त एक नाव होती. ती म्हणे, तुला पेटीसमोर बसवायचे तेव्हा तू झोपायचास. तो म्हणे, बसवायचे कधी, सगळा वेळ तूच बसायचीस. त्यातून कोणाचा लाड जास्त झाला हा विषय निघाला, मग एका सायकलीचा निघाला, आणि दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलली नाहीत. तोवर व्हेनिस वजनाखाली पडून राहिलं.

मागचे रंगीत कपटे केराबरोबर केव्हाच गेले होते. तसा पातळ कागद कुठे मिळेना, म्हणून ठिगळ्यांनी खोकल्याच्या गोळ्यांवरचे पारदर्शक कागद घ्यायचं ठरवलं. पिवळा हवा तर लिंबाच्या गोळ्या, लाल हवा तर संत्र्याच्या. घरात कोणालाच खोकला नव्हता, तरी सगळे उठता बसता गोळ्या चघळत होते, आणि भांडायला येऊन बसलेला मेहुणासुद्धा तोंडात गोळी असल्यामुळे नीट भांडू शकत नव्हता.

सासरे रोज सकाळी विचारत, "झालं का हो, जावईबापू?" आणि ठिगळे म्हणत, "होत आलं, मामा." एके सकाळी त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ठिगळ्यांना वाटलं, सासऱ्यांना आपल्या कामाची किंमत कळली, आता घाई करत नाहीत. सासरे हल्ली भिंतीला हात लावून चालतात, आणि संध्याकाळी खोलीतला दिवा लावायचं विसरतात, हे ठिगळ्यांनी पाहिलं होतं. पण व्हेनिसच्या खिडक्यांपुढे त्याचा विचार करायला त्यांना फुरसत झाली नाही.

अखेर व्हेनिस तयार झालं. पुन्हा रविवार, पुन्हा ओढलेले पडदे. बायको खुर्चीमागे उभी राहिली. मेहुण्यानं पेटीमागच्या दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि तो इशाऱ्याची वाट बघू लागला. ठिगळे चित्र खाचेत बसवत होते. कोपरा अडत होता, म्हणून जरा वेळ लागला. सासऱ्यांना वाटलं, सगळं झालं. त्यांनी चाचपडत भिंग शोधलं आणि डोळा लावला.

"वा," ते म्हणाले.

ठिगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"वा, जावईबापू. झकास. पुलावरचे दिवे काय सुंदर उतरलेत. पाण्यात पण पडलेत की. आणि त्या नावेवरचा लाल कंदील, अगदी होता तसा. तुम्ही मनावर घेतलंत की काम कसं होतं बघा."

मेहुण्याचं बोट बटणावर तसंच होतं. दिवा लागलेलाच नव्हता. पेटीत आणि खोलीत सगळीकडे सारखा अंधार होता. मेहुण्यानं ठिगळ्यांकडे पाहिलं, आणि ठिगळ्यांनी मान डोलावल्यावर आवाज न करता बटण दाबलं. मागून उजेड पडला, खाचेच्या फटीतून एक पिवळी रेघ सासऱ्यांच्या हातावर आली. सासरे बोलतच होते. त्यांच्या बोलण्यात कुठे खंड पडला नाही.

बायकोनं तोंडाला पदर लावला. सकाळचं ते विचारणं कधी बंद झालं होतं, आणि का झालं होतं, ते ठिगळ्यांना आत्ता समजलं. सुई बायकोनं त्याच दिवशी हातात आणून दिली होती. चार भोकं वेडीवाकडी पडली असती, तर काय बिघडलं असतं? माफी मागावी असं त्यांना फार वाटलं, पण ती मागितली असती तर सासऱ्यांचं हे सगळं कौतुक उघडं पडलं असतं. म्हणून ते घसा साफ करून एवढंच म्हणाले, "आवडलं ना, मामा?"

"आवडलं म्हणजे काय," सासरे म्हणाले. मग कौतुक फारच एकसुरी झालं असं वाटून की काय, त्यांनी भिंगाला डोळा आणखी जवळ नेला. "फक्त डावीकडच्या घराला एक भोक जास्त पडलंय बघा. तिथे खिडकी नव्हती."

ठिगळ्यांच्या कामात आजवर कोणी चूक काढली नव्हती. डावीकडच्या घराला तर त्यांनी एकही भोक पाडलं नव्हतं.

"हो, चुकलंच," ते म्हणाले. "हात घसरला. बुजवून टाकू का?"

"नको, नको," सासरे घाईघाईनं म्हणाले आणि पेटीवर दोन्ही हात ठेवले. "तुम्ही आता काही म्हणता काही बुजवू नका."